कॉफीची येणे बाकी

आमच्या हट्ट्यात कॉफी ही प्यायची नव्हे, द्यायची वस्तू आहे. चहा माणूस पितो. कॉफी पाहुण्याला देतात. त्यातही साध्यासुध्या पाहुण्याला नाही. व्याही, शाळा तपासायला आलेले साहेब, मुलगी पाहायला आलेली मंडळी आणि घरात शिरता शिरता "मी चहा सोडलाय बरं का" असं जाहीर करणारा एखादा निर्व्यसनी नातेवाईक, एवढ्यांचाच तिच्यावर हक्क. बाकी सगळं गाव चहावर चालतं. हळदीचा भाव चढला तरी चहा, पडला तरी चहा.

अशा गावात राहणाऱ्या, वसमतच्या एका बँकेत कारकुनी करणाऱ्या आणि वाणिज्य शाखेची पदवी घेऊनही आजवर कशाचाच व्यापार न केलेल्या माझ्यासारख्या माणसाला विजेवर चालणारं जपानी कॉफीयंत्र घ्यावं की घेऊ नये असा प्रश्न पडावा, हा काळाचा महिमा. पण पडला खरा.

त्याचं झालं असं. माझा भाचा नोकरीनिमित्त जपानला असतो. दिवाळीला येणार होता. "मामा, तुमच्यासाठी काय आणू?" त्याने फोनवर विचारलं. मी रिवाजाप्रमाणे "काही नको रे, तू ये म्हणजे झालं" म्हणालो. बँकेत वीस वर्षं काढूनही हे माझ्या लक्षात आलं नाही की असं म्हणणं म्हणजे सही करून कोरा चेक देणं. त्याने तो लगेच वटवला. संध्याकाळी मोबाइलवर एक चित्रफीत आली आणि खाली मजकूर : "हे आणतो. घरात शोभून दिसेल."

चित्रफितीत काचेची दोन भांडी होती, एकावर एक बसवलेली. मधे एक नळी. खालच्या भांड्यात पाणी, वरच्यात कॉफीची भुकटी. बटण दाबलं. पाणी तापलं, आणि पाहता पाहता खालचं पाणी नळीतून सरसर वर चढलं. वर भुकटीशी त्याची गाठ पडली, जरा वेळ खळखळ झाली. मग बटण बंद. मिनिटभर काहीच नाही. आणि एकाएकी, कुणीतरी खालून ओढून घ्यावी तशी सगळी कॉफी गाळून खालच्या भांड्यात उतरली. चोथा वर, कॉफी खाली. ही चित्रफीत मी अकरा वेळा पाहिली. बायकोने एकदाच पाहिली आणि विचारलं, "हे घासायचं कुणी?"

गावचं नावच हट्टा, तेव्हा हट्टाला पेटणं आम्हाला शिकावं लागत नाही. पण मी पडलो कारकून. कुठलंही कर्जप्रकरण टेबलावर आलं की आधी अर्जदाराचा पूर्वेतिहास पाहायचा, मग परतफेडीची ऐपत, मग मंजुरी, असा हाताला वळण लागलेला. तेव्हा या यंत्राचीही रीतसर फाइल उघडली.

पहिला प्रश्न : हे चालतं कसं? शेजारच्या हळदवाल्या शेतकऱ्याला चित्रफीत दाखवली. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "ह्याच्यात काय विशेष आहे? आपला हळदीचा कुकरच की हा." आमच्याकडे ओली हळद काढल्यावर वाफेवर शिजवतात, त्यासाठी शेतात मोठमोठ्या पिंपांचे कुकर लागतात. वाफ कोंडली की ती वाट काढते, हे आमच्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या वाफेचाही वाटा आहे. कॉफीयंत्रात तेच. खालच्या भांड्यात वाफ कोंडते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते.

"ते वर चढणं कळलं," मी म्हणालो, "पण खाली कसं उतरतं?" त्यावर तो म्हणाला, "ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी सांगावं."

मग शिकलेल्या माणसाने वाचून काढलं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. आच बंद केली की वाफ निवते, तिचं पुन्हा थेंबभर पाणी होतं, आणि मघाशी भरलेली जागा रिकामी पडते. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाने दाबतच असते. टोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीवर हा दाब दाखवून दिला होता. रिकामी जागा दिसली की हवा स्वस्थ बसत नाही. ती वरची कॉफी त्या जागेत ढकलते. साहेब रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसतं, त्यातलाच हा प्रकार. या रिकाम्या जागेला निर्वात पोकळी म्हणतात, म्हणून हे निर्वात कॉफीयंत्र.

दुसरा प्रश्न : अर्जदाराचं घराणं कुठलं? मला वाटलं होतं, जपानचं असेल. निघालं युरोपचं, आणि वयाने पावणेदोनशेच्या पुढचं. १८३०च्या दशकात बर्लिनमध्ये त्याचा जन्म झाला असं मानतात. १८४०च्या सुमारास आगबोटींची इंजिनं बांधणारा स्कॉटलंडचा रॉबर्ट नेपियर यानेही असलं एक यंत्र केलं. जो माणूस वाफेवर बोट चालवतो त्याला वाफेवर एक कप कॉफी काय जड? त्याच दशकात पॅरिसच्या गाबे नावाच्या गृहस्थाने तराजूसारखं यंत्र काढलं. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की पहिलं हलकं होऊन वर उचललं जायचं आणि त्याबरोबर स्पिरिटच्या दिव्यावर आपोआप झाकण पडायचं. वीज नाही, बटण नाही, आणि तरी स्वयंचलित. आमच्या घरात आजही दूध उतू जाताना गॅस आपोआप बंद होत नाही.

पण या घराण्यात खरं नाव निघालं ते एका बाईचं. फ्रान्समधल्या लिओं शहरच्या मादाम व्हासिए. १८४१ साली त्यांनी एकस्व घेतलं. काचेचे दोन गोल, एकावर एक, धातूच्या चौकटीत बसवलेले. वरच्या गोलावर चक्क एक नक्षीदार मुकुट. खालच्याला कॉफी ओतून घ्यायला तोटी. आज भाचा जे पाठवू पाहत होता त्याची ही पणजी. काच का? तर दिसावं म्हणून. पूर्वी कॉफी आत चुलीवर व्हायची आणि तयार होऊन बाहेर यायची. या यंत्राने ती दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या देखत, टेबलावर होऊ लागली. घरची बाई पाहुण्यांबरोबर खुर्चीवर बसून कॉफी करू लागली. पाणी चढताना सगळ्यांनी "अहा" म्हणायचं, उतरताना "ओहो" म्हणायचं. अधूनमधून काच तडकायची आणि सगळे मिळून "अरेरे" म्हणायचे. काच तडकण्याचा हा रोग बराच काळ टिकला. १९१५ साली अमेरिकेत पायरेक्स ही आच सोसणारी काच बाजारात आली, तेव्हा कुठे त्यावर इलाज सापडला.

बाईचं नाव निघालं म्हणून मी अजून खोलात गेलो. कॉफी गाळायचा कागद कुणी काढला? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने, १९०८ साली. कपात येणाऱ्या गाळाला कंटाळून तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला. टिपकागद! आमच्या बँकेत पूर्वी जाडजूड खतावण्यांवर ढिगाने टिपकागद असायचा. शेकडो कारकुनांनी तो हाताळला, चहाही सांडला, पण एकाच्याही डोक्यात ही कल्पना आली नाही. कारण उघड आहे. चहा आणि कॉफी आम्हाला आयती मिळत होती. गाळाचा त्रास ज्याला निस्तरावा लागतो त्यालाच गाळणं सुचतं.

वीज यात शिरली ती पुढे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सनबीमचं 'कॉफीमास्टर' आलं. काचेऐवजी चकचकीत धातूचं. पाणी वर चढलं की आच आपली आपण कमी होई, कॉफी खाली उतरे आणि गरम राही. १९७२ साली तिथे 'मिस्टर कॉफी' नावाचं थेंबथेंब पाणी सोडणारं सोपं घरगुती यंत्र निघालं आणि बिचारं निर्वात यंत्र मागे पडलं. पण जपानमधल्या कॉफीच्या दुकानांनी ते सोडलं नाही. प्रयोगशाळेची काच बनवणाऱ्या हारियो कंपनीने १९४८च्या सुमारास काचेचं घरगुती यंत्र काढलं होतं, आणि तिथले कॉफीवाले आजही गिऱ्हाइकासमोर उभे राहून ते एखाद्या पूजेसारखं चालवतात. तेव्हा अर्जदाराचं कूळ चांगलं, चारित्र्य चांगलं. शेरा मारला : "पूर्वेतिहास समाधानकारक."

आता तिसरा प्रश्न, आणि इथे फाइल अडली. जामीनदार कोण? म्हणजे आमच्या घरात कॉफीचं खातं मुळात आहे का, आणि असलं तर त्यात काय शिल्लक आहे?

देशात कॉफी आली ती बाबा बुदन या सूफी साधूबरोबर, असं सांगतात. सतराव्या शतकात हज यात्रेहून परतताना त्यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. ही कथा जशी आहे तशी धरली, तर भारतातली पहिली कॉफी ही जकात चुकवून आलेला माल ठरते. मराठीत या बियांना पूर्वी बुंद म्हणत. पण लागवड दक्षिणेच्या डोंगरात आणि पिणारेही बहुतेक दक्षिणेचेच. १९३०च्या दशकात जगभर मंदी आली, भाव कोसळले, माल पडून राहू लागला. तेव्हा १९३५ साली कॉफीवर सेस बसवला आणि त्या पैशातून लोकांना कॉफीची गोडी लावायचं ठरलं. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. महायुद्धात परदेशच्या पेठा बंद झाल्या आणि १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं. पुढे १९५०च्या दशकात बोर्डाने कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि १९५७पासून ती चालवली. वेटरांनीच हॉटेल चालवायला घेतलं. वाणिज्याच्या अभ्यासक्रमात हा धडा असायला हवा होता.

चहाने मात्र हा डाव आधीच टाकला होता. चहाचा सेस १९०३ सालचा. त्यातून स्टेशनांवर, बाजारात, गल्लोगल्ली चहाचा प्रचार झाला. करून दाखवला, फुकट पाजला. फुकट प्यायलेली गोष्ट माणूस विसरत नाही. कॉफीचा सेस चर्चगेटला पोचला, पण हट्ट्यापर्यंत यायला त्याला वाहन मिळालं नाही.

शिवाय आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिथलं नाणं वेगळं, हाली शिक्क्याचं. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे. मुंबईहून येणारी प्रत्येक वस्तू कलदारात. त्यामुळे आमच्या आजोबांच्या लेखी जपान काय अन् मुंबई काय, दोन्ही परदेशच. कॉफीची पुडी घरात आली ती अशी आयात माल म्हणून, आणि फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसली. हाली रुपया गेला, कलदार गेला, १९९९ साली परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, पण कॉफीचा डबा काही त्या फळीवरून उतरला नाही.

आमचे अण्णा गावातच शाळेचे मुख्याध्यापक होते. तपासणीला साहेब आले की दुपारी घरी कॉफी ठरलेली. अण्णा बाहेरच्या खोलीतून नुसतं खाकरायचे. आत आईला कळायचं. मग स्टुलावर चढून डबा उतरवणं, परभणीहून आणलेली ती चिकोरी मिसळलेली भुकटी दुधापाण्यात उकळणं, सहाणेवर जायफळ उगाळणं. कॉफी माणसाला जागं करते आणि जायफळ झोप आणतं. म्हणजे एका कपात जमा आणि नावे दोन्ही बाजू, बेरीज बरोबर. साहेब पिऊन ना फार जागे व्हायचे ना झोपायचे. शेरा चांगला मिळायचा. गाळायला अण्णांच्या जुन्या धोतराचा धुवून ठेवलेला तुकडा असे. तो तुकडा आईने चौपदरी शिवून, काठाला तार ओवून तिचं तिनं गाळणं केलं होतं. त्याचं एकस्व घ्यायला ती लिओंला जन्मली नव्हती.

पितळी तबकातून कप बाहेर न्यायचं काम माझं. साहेब गेले की रिकामे कप आत आणायचं कामही माझं. तेव्हा आई चुलीपाशी बसलेली असायची आणि गाळण्यातला चोथा पुन्हा पातेल्यात घालून, उरलेलं ओंजळभर दूध आणि पाणी ओतून दुसऱ्यांदा उकळत असायची. ते ती कान तुटलेल्या कपातून प्यायची. मी मागितलं तर म्हणायची, "लेकरांनी कॉफी पिऊ नाही, काळं होतंय." माझा रंग पाहता मी पुढे चोरून पुष्कळ प्यायलो असलो पाहिजे, अशी बायकोची समजूत आहे.

ही जुनी नोंद फाइलमध्ये कुठे लावावी ते मला कळेना. म्हणून पान उलटलं आणि तांत्रिक अहवालाकडे वळलो.

पूर्वी परदेशी यंत्र म्हणजे लायसन, परवाना आणि ओळखीचा खलाशी. आयातीवरची शेवटची ७१५ वस्तूंची बंधनं उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. आता भाचा बॅगेत घालून आणू शकतो. पण बॅगेतून यंत्र येतं, तिथली वीज येत नाही. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "दाब २.३ पट, पण उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. म्हणजे ५.२९ पट." ५०० वॉटचं यंत्र एका क्षणात २,६४५ वॉट ओढणार आणि दुसऱ्या क्षणी काहीच ओढणार नाही, कारण ते उरलेलंच नसेल. उपाय काय, तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर. तो यंत्रापेक्षा जड. म्हणजे कॉफी करायच्या आधी गड्याला बोलवायचं.

इथे एक गोष्ट मात्र यंत्राच्या बाजूची निघाली. येलदरीला आमच्याच पूर्णा नदीवर धरण आहे आणि त्यावर साडेबावीस मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. पण नदी घरची म्हणून वीज घरात राहत नाही. वारा सुटला, ढग आले, की ती जाते. २००५ नंतरच्या काही वर्षांत तर भारनियमन इतकं पक्कं होतं की आम्ही घड्याळ त्यावर लावायचो. आता पाहा : या यंत्रात कॉफी खाली उतरते ती आच बंद झाल्यावर. सगळ्या जगात बटण बंद करायला माणूस लागतो. हट्ट्यात ते काम वीज कंपनी आपण होऊन करील. फक्त ती पाणी चढल्यावर जायला हवी. चढायच्या आधी गेली तर खाली कोमट पाणी आणि वर कोरडी भुकटी, असे दोघं एकमेकांकडे पाहत बसतील.

मग कागदावर हिशेब मांडला. यंत्र बारा हजार, ट्रान्सफॉर्मर तीन हजार. एकूण पंधरा हजार. आयुष्य पाच वर्षं धरून सरळ रेषेच्या पद्धतीने घसारा वर्षाला तीन हजार. आमच्या घरात वर्षाला कॉफी होते वीस कप. म्हणजे एका कपामागे नुसता घसारा दीडशे रुपये. दूध, साखर, जायफळ आणि बायकोचं बोलणं वेगळं. पाच वर्षांनी हे माळ्यावर जाणार, तिथल्या सँडविच टोस्टर, ज्यूसर आणि पोटाचा घेर कमी करायच्या पट्ट्याशेजारी. बँकेच्या भाषेत अनुत्पादक मत्ता.

वीस कपांवरून सहज दुसरा हिशेब डोक्यात आला. वर्षाला वीस, आणि आईने सासरी आल्यापासून धरली तर चाळीस वर्षं तरी. आठशे कप. आठशे कप कॉफी तिने केली. त्यातले स्वतः किती प्यायली? व्यापार असता तर मी म्हणालो असतो की या खात्यात येणे बाकी फार दिसते, वसुलीची नोटीस काढा. पण नोटीस कुणाच्या नावाने काढायची? साहेब निवृत्त झाले, अण्णा गेले, आणि कप बाहेर नेणारा पोऱ्या स्वतःच फाइल घेऊन बसलेला.

रविवारी भाच्याचा फोन आला. तो तिथल्या एका कॉफीच्या दुकानात बसला होता. "आजीला द्या फोन, तिला दाखवतो." आईने चष्मा लावला. पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा जपानी माणूस यंत्रापाशी उभा. पाणी चढलं.

"वर कसं काय चढलं रे?" आई.

"वाफेनं, आजी."

कॉफी सर्रकन उतरली.

"अन् खाली?"

"वाफ संपली म्हणून."

"ते खरंय," चौऱ्याहत्तर वर्षांची आई म्हणाली. "पण दूध कुठं घातलं?"

"ह्याच्यात दूध घालत नसतेत, आजी. काळीच पितेत."

"मग कॉफी कशाची? काढाच की." तिने पडदा डोळ्यांजवळ नेला. त्या माणसाने भाच्याला कप दिला, शेजारच्या बाईला दिला, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा यंत्र पुसायला लागला. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अन् करणारा कधी पितो?"

भाचा हसला. "त्याला पगार असतो, आजी."

"मग बरंय," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मी भाच्याला यंत्र आणू नको म्हणून सांगितलं. कारण म्हणून व्होल्टेज सांगितलं. तो हिरमुसला, पण ५.२९ हा आकडा ऐकल्यावर गप्प बसला. फाइलवर शेरा मारला : "प्रकरण नामंजूर. अर्जदाराचा दोष नाही." आणि लगेच, विचार करायला वेळ मिळाला तर धीर सुटेल म्हणून, फडताळातून डबा काढला. विजेची शेगडी बाहेरच्या खोलीत आणली, साहेब बसायचे त्या खुर्चीसमोर, स्टुलावर ठेवली. आईला म्हणालो, "बस इथं." ती म्हणाली, "कोण यायलंय?" म्हटलं, "कुणी नाही. तूच बस."

ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली, कुणी हाक मारली तर उठायला बरं म्हणून. बायको दारात उभी राहून हे पाहत होती. तिने चित्रफीत पाहिली नव्हती इतकं लक्ष देऊन. मी दूध ठेवलं, भुकटी घातली, साखर विसरलो, मग आठवली, मग दोनदा घातली. जायफळ उगाळताना बोट खरवडलं. पातेल्यातलं सगळं एकदम वर चढलं, आणि जपानी यंत्राप्रमाणे गाळून खाली न उतरता सरळ शेगडीवर उतरलं. त्याच वेळी वीज गेली. एवढा एक भाग मात्र तंतोतंत जमला.

उरली ती गाळली. एक कप भरला. कान असलेला, पाहुण्यांचा. वाफ निघत होती. आईने तो दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि थांबली. मी बँकेच्या मुलाखतीला गेलो होतो तेव्हा थांबलो होतो तसा थांबलो.

"जायफळ जास्त झालंय," ती म्हणाली. आणि सगळी प्यायली. सावकाश, मधे एकदाही न उठता.

मी पातेलं उचललं आणि गाळण्यातला चोथा मोरीत टाकायला निघालो. तिने तिथूनच हात वर केला. "टाकू नको. अजून एकदा उकळता येतंय."

वीज आली नव्हती. आत गॅसवर तो चोथा पुन्हा पातेल्यात घातला, उरलेलं दूध ओतलं, पाणी ओतलं, उकळलं. एक कप निघाला. तो मी ओट्याशी उभ्या उभ्या प्यायलो.

चव सांगण्यासारखी नव्हती. म्हणूनच तिने ती इतकी वर्षं कुणाला सांगितली नसावी.